आधी पिशवीच्या मागे चालत जा, सॉफ्टवेअर नंतर बघू

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं (अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं) नवं युनिट सुरू झालंय. महिन्याला दोन-तीन प्रत्यारोपणं होतात, बहुतेक मायलोमाची (मज्जेच्या कर्करोगाची), म्हणजे आधी काढून ठेवलेल्या रुग्णाच्याच मूळपेशी रुग्णाला. आता सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना भावाबहिणीच्या पेशी देणंही सुरू होतंय. या पेशी तपासून जपणाऱ्या सेल लॅबमध्ये चार माणसं, नऊ रजिस्टरं आणि एक भलीमोठी एक्सेल फाइल आहे. व्यवस्थापन म्हणतंय, तीन महिन्यांत सगळं पेपरलेस करा. तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि रजिस्टरं कधी बंद करावीत?

मी आधी रक्तपेढीत आणि मग सेल प्रोसेसिंगमध्ये, अशी मिळून १८ वर्षं याच गावात काढली आहेत. सरळ सांगते. रजिस्टरं आत्ता बंद करू नका, सॉफ्टवेअरही आत्ता घेऊ नका. तुमची खरी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. मूळपेशींची एक पिशवी दात्याच्या हातातून निघून रुग्णाच्या शिरेत जाईपर्यंत किती हातांतून जाते, आणि त्यातल्या प्रत्येक हाताची नोंद त्याच जागी, त्याच वेळी होते का, एवढंच आधी बघायचंय. ते नीट नसेल तर आज रजिस्टरात असलेला गोंधळ उद्या स्क्रीनवर दिसेल, वर त्याचं वर्षाचं भाडंही भरावं लागेल.

आपली लॅब पॅथॉलॉजीसारखी नाही, हे व्यवस्थापनाला समजावणं तुमचं पहिलं काम. तिथं नमुना खराब झाला तर पुन्हा सुई टोचता येते. इथं मायलोमाच्या रुग्णाला मेलफॅलन हे केमोथेरपीचं औषध दिलं, साधारण २०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, की त्याची मज्जा जवळजवळ रिकामी होते. त्यानंतर जे काही आहे ते त्या पिशवीतच. शिवाय पिशवी द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं राहू शकते. पाच वर्षांनी आजार उलटला आणि दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी ती काढायची वेळ आली, तर तुमची नोंद वाचणाऱ्या माणसानं तुम्हाला कधी पाहिलेलंही नसेल.

काही गोष्टी तुमच्या पद्धतीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुम्ही पेशी गोठवता का? मायलोमाच्या बऱ्याच केसेसमध्ये आपल्याकडे पेशी न गोठवता ४ अंशांच्या फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवतात आणि ताज्याच देतात. तसं असेल तर तुमच्या नोंदीचा जीव तास आणि फ्रिजचं तापमान यांत आहे. गोठवत असाल तर डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) किती, तापमानाला मिनिटाला एक अंशाचा उतार खरंच मिळाला का, टाकीत पिशवी नेमकी कुठे आहे आणि ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ती कधी गेली, हे सगळं येतं. दोन्ही करत असाल तर एकाच फॉर्ममध्ये दोन्ही कोंबू नका. अर्धे रकाने रिकामे ठेवायची सवय लागली की महत्त्वाचा रकानाही रिकामा राहतो आणि कोणाला खटकत नाही.

आता चालण्याबद्दल. शब्दशः चाला. एखाद्या कलेक्शनच्या दिवशी सकाळपासून वही घेऊन पिशवीच्या मागे राहा. एफेरेसिसच्या, म्हणजे रक्तातून पेशी वेगळ्या काढण्याच्या, खुर्चीपासून लॅबच्या खिडकीपर्यंत, तिथून निर्जंतुक हवेच्या कॅबिनेटपर्यंत, एक नमुना पेशी मोजायला फ्लो सायटोमेट्रीला, दुसरा जंतू बघायला कल्चरला, मग फ्रीजर, मग टाकी. कोणी दिली, कोणी घेतली, किती वाजता, कशावर लिहिलं, एवढंच टिपा. आम्ही हे केलं तेव्हा सगळ्यात मोठं भगदाड लॅबच्या बाहेर निघालं. वॉर्डातून लॅबकडे पिशवी आणणारा मामा वाटेत लिफ्टची वाट बघत होता, बॉक्सचं तापमान कोणी बघत नव्हतं, आणि लॅबच्या खिडकीत सही व्हायची ती पिशवी आत घेतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, हात मोकळे झाले की. रजिस्टरात मात्र वेळ कायम गोल: १०.००, १०.३०, ११.००. इतक्या गोल वेळा दिसल्या की समजायचं, नोंदी नंतर बसून भरल्या आहेत.

एक्सेलबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुम्ही 'सध्या एक्सेलवर छान चाललंय' असं म्हटलंय. आमचंही छान चाललं होतं.

टाकीतली जागा आम्ही रॅक आणि खण अशी लिहायचो. सहाव्या रॅकचा तिसरा खण म्हणजे ६-३. एका सकाळी आठला पिशवी वितळवायची होती, वॉर्डात रुग्ण तयार. फाइल उघडली तर जागेच्या रकान्यात ०६-मार्च. रात्रपाळीच्या मुलाला वाटलं, ही गोठवल्याची तारीख असणार आणि जागा भरायची राहिली असणार. एक्सेलनं ६-३ ही तारीख समजून बदलून टाकली होती, आणि एकाच रकान्यात तशा कितीतरी ओळी होत्या. आम्ही टाकीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ पायांशी उतरली, आणि तीन रॅक वर-खाली केले. रॅक वर आला की त्यातल्या बाकीच्या पिशव्यांनाही खोलीची हवा लागते. त्या कोणाच्या होत्या, त्यांच्याही नोंदीत ही घटना जायला हवी होती, हे आमच्या लक्षात दोन दिवसांनी आलं. शेवटी पिशवी सापडली ती लाल पुठ्ठ्याच्या जुन्या रजिस्टरमुळे.

मग आम्ही शहाणे झालो आणि रॅकला अक्षरं दिली. दुसरी टाकी, ई रॅक, चौथा खण म्हणजे २ई४. एक्सेलनं त्याचे वीस हजार केले, कारण मधला ई त्याला घातांकाचा वाटतो. सुरुवातीची शून्यं तो खातो, १५ आकड्यांपुढचा क्रमांक गोल करून टाकतो. ही काही आपल्याच गावची रडकथा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६ हजार पॉझिटिव्ह निकाल वेळेवर पुढे गेले नाहीत, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत. तेव्हा एक्सेल ठेवायचीच असेल तर प्रत्येक रकाना आधी 'टेक्स्ट' करा, सूत्रं कुलूपबंद करा आणि जागेचा संकेत असा निवडा की त्याची तारीखही होणार नाही आणि संख्याही. आम्ही आता टाकी-रॅक-खण यांच्यामागे टी, आर, के अशी अक्षरं लावतो.

एक्सेलचा दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो. कोणी काय बदललं ते ती आपणहून सांगत नाही. रजिस्टरात चूक झाली तर आपण एकच रेघ मारतो, वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. जुना आकडा वाचता येतो. संगणकातही तेवढंच हवं. विक्रेता डेमो द्यायला आला की त्याच्या रंगीत डॅशबोर्डकडे बघू नका. त्याला म्हणा, पिशवीच्या व्हॉल्यूमचा हा आकडा बदला, आता जुना आकडा, बदलणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण दाखवा. पुढचा प्रश्न: ॲडमिनचा पासवर्ड असलेल्या माणसाला हा इतिहास पुसता येतो का? उत्तर देताना तो अडखळला तर चहा पाजून निरोप द्या. अमेरिकेचा '२१ सीएफआर भाग ११' हा १९९७ चा नियम आपल्याला लागू नाही, पण त्यात इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांबद्दल जे विचारलंय ते विक्रेत्याला विचारायला फार उपयोगी पडतं. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्यानं मान्यता २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यापासून आहेच. ऑडिटला येणारा माणूस 'कागद का नाही' असं विचारत नाही, 'हे तेव्हाच लिहिलं होतं कशावरून' असं विचारतो.

आकड्यांचं एक उदाहरण देते, कारण 'डोस संगणक काढेल' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. समजा पिशवीत १२० मिलिलिटर आहेत आणि ज्यांच्यावरून मूळपेशी मोजतात त्या सीडी३४ पेशी मायक्रोलिटरला १,०००. म्हणजे एकूण १२ कोटी. रुग्ण ६० किलोचा असेल तर किलोमागे २० लाख, म्हणजे सर्वसाधारणपणे ज्याला किमान मानतात तेवढा डोस, बरोबर काठावर. आता हीच पिशवी दोन वर्षांनी दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी काढली. माणूस सावरलाय, घरचं खाऊन ६६ किलोचा झालाय. डोस १८ लाखांवर आला. सॉफ्टवेअरमध्ये वजनाचा एकच रकाना असेल तर दोनपैकी एक गोष्ट होते: जुनंच वजन राहतं आणि डोस पुरेसा दिसतो, किंवा नवं वजन जुन्यावर चढतं आणि कलेक्शनच्या दिवशीचा रिपोर्टच बदलून जातो. दोन्ही वाईट. वजनाला तारीख हवी, डोसला तो कोणत्या वजनावर काढला ते चिकटलेलं हवं, आणि वितळवल्यानंतर जिवंत पेशींचं प्रमाण किती ते वेगळं हवं. एककही रकान्यातच छापा. आमच्याकडे एक डॉक्टर लाखात बोलायचे, दुसरे मिलियनमध्ये, आणि फोनवर नुसतं 'दोन आले' असं सांगितलं जायचं.

अंकांचंच चाललंय तर अजून एक. लेबलवर आणि फॉर्मवर मराठी अंक लिहू देऊ नका. मला आपले अंक प्रिय आहेत, पण घाईत लिहिलेला मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी एक इंग्रजी नऊसारखा. एकाच पानावर दोघांनी दोन लिप्यांत लिहिलं की खण चारचा आठ व्हायला काही लागत नाही.

सिकलसेलच्या मुलांमुळे तुमच्याकडे ओळखीचा प्रश्न आता तीव्र होणार आहे. विदर्भात हा आजार किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. दाता आणि रुग्ण सख्खी भावंडं. म्हणजे आपल्या पद्धतीच्या तीन भागांच्या नावातले दोन भाग, वडिलांचं नाव आणि आडनाव, तंतोतंत सारखे. पहिली नावंही आईबापांनी हौसेनं जुळवून ठेवलेली, एकीचं शेवटचं अक्षर काय ते वेगळं. जन्मतारखेवर भिस्त ठेवावी, तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी दोघांचीही १ जून टाकलेली, फक्त वर्ष वेगळं. म्हणून नाव हे ओळखपत्र मानू नका. रुग्णाचा रुग्णालय क्रमांक, दात्याचा वेगळा क्रमांक आणि पिशवीचा स्वतःचा क्रमांक, असे तीन. पिशवीच्या क्रमांकासाठी आयएसबीटी १२८ पद्धत जगभर चालते: १३ अक्षर-अंकांचा संकेत, पहिले पाच संस्थेचे, पुढचे दोन वर्षाचे, उरलेले सहा अनुक्रमाचे. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत आज शिरायचं नसेल तरी स्वतःचा क्रमांक पुढे त्यात सहज जाईल असा बेता. आणि लेबल खुर्चीपाशी लागलं पाहिजे, दाता समोर बसलेला असताना. लॅबमध्ये आणून लावलेलं लेबल हे तुमच्या स्मरणशक्तीवर लावलेलं असतं.

बारकोडच्या भरवशावर असाल तर घेण्याआधी लेबल नायट्रोजनमध्ये घालून बघा. साध्या लेबलचा गोंद उणे १९६ ला सुटतो. अतिथंडीसाठीचं क्रायो लेबल टिकतं, पण बाहेर काढल्यावर त्यावर हिमाचा थर येतो आणि स्कॅनर नुसता लाल प्रकाश टाकत बसतो. गॉजनं पुसून वाचता येईल असं मोठ्या अक्षरातलं लेखनही त्यावर असू द्या. असंच मशीनच्या चिठ्ठ्यांचं. थर्मल कागद आपल्या उन्हाळ्यात दोन वर्षांत कोरा होतो. गोठवण्याचा आलेख निघाला त्याच दिवशी स्कॅन करा, मशीनमधली मूळ फाइलही ठेवा. आणि सगळ्या मशीनची घड्याळं जुळवून घ्या. आमचं फ्लो सायटोमीटर भिंतीवरच्या घड्याळाच्या ११ मिनिटं पुढे होतं. कागदावर आमचा तपासणीचा निकाल नमुना पोचण्याआधीच तयार झालेला असायचा.

माणसांकडे येते. कॅबिनेटमध्ये हात घातलेला माणूस लिहू शकत नाही, त्यामुळे एकानं करायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचून घेत लिहायचं, ही जुनीच रीत टॅबवरही ठेवा. आमच्याकडे निवृत्तीला आलेले एक टेक्निशियन काका होते. नव्या व्यवस्थेला त्यांचा कडाडून विरोध. बाकीचे 'हो मॅडम, छान आहे' म्हणत होते, काका म्हणाले, "मॅडम, रात्री मी एकटा राहतो. दोन-दोन ग्लोव्ह्ज घालून पासवर्ड कसा टाकू जी? अन् टाकला नाही तर स्क्रीन दर पाच मिनिटांनी बंद होऊन राहिली." म्हणजे होणार काय होतं? 'लॅब' या एकाच नावानं सकाळी लॉगिन करून दिवसभर तसंच उघडं ठेवलं गेलं असतं आणि सगळ्या नोंदी 'लॅब'नं केल्या असत्या. काकांमुळे आम्ही ओळखपत्र स्कॅन करून लॉगिन ठेवलं. तुमच्या लॅबमध्येही जो सगळ्यात जास्त कुरकुर करतो त्याला चाचणीला पहिला बसवा.

व्हॉट्सॲपवरही बोलायला हवं. सकाळी सातला रक्तातला सीडी३४ चा आकडा ग्रुपवर पडतो आणि आज कलेक्शन करायचं की नाही ते तिथंच ठरतं. सगळीकडे हेच चालतं, मीही केलंय. आता आमचा नियम असा की आधी सिस्टिममध्ये नोंद, मग ग्रुपवर निरोप, आणि निरोपात रुग्णाचं नाव नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय म्हणून एवढंच नाही. एकदा ग्रुपवर आधी चुकीचा आकडा आणि मग दुरुस्ती असे दोन संदेश पडले होते, आणि सिस्टरनी पहिलाच वाचला होता.

वीज आणि इंटरनेट. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना काय होतं ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही. नायट्रोजनच्या टाकीला स्वतःला वीज लागत नाही, पण तिच्या पातळीचा कंट्रोलर, अलार्म आणि डेटा लॉगर यांना लागते. उड्डाणपुलाच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की क्लाउडवरचं सॉफ्टवेअर संपलं. त्यामुळे छापील, क्रमांक घातलेले कोरे फॉर्म कायम कपाटात हवेत. नंतर संगणकात चढवताना काम झाल्याची वेळ वेगळी आणि नोंद चढवल्याची वेळ वेगळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथंही कितीतरी दिवस काम कागदावर आलं होतं. मग आपण कोण? बॅकअप तर सगळेच घेतात. आमचाही होता, त्याच टेबलावर, त्याच यूपीएसला जोडलेल्या डिस्कवर. तो परत उतरवून बघायची वेळ आली तेव्हा कळलं की चार महिन्यांपासून फाइल शून्य बाइटची होती. दर तीन महिन्यांनी एक जुनी पिशवी निवडून तिची पूर्ण नोंद बॅकअपमधून काढून दाखवायची, हे आता आमच्या कामाच्या यादीत आहे.

तर तीन महिन्यांचं काय? मुदत महिन्यांत मोजूच नका, पिशव्यांमध्ये मोजा. कलेक्शनपासून रुग्णाला देईपर्यंतचे निदान वीस पूर्ण प्रवास कागदावर आणि संगणकावर दोन्हीकडे नोंदवा, आणि दर वेळी दोन्ही समोरासमोर ठेवून फरक काढा. महिन्याला दोन-तीनच्या वेगानं याला सात ते दहा महिने लागतील, हे व्यवस्थापनाला आकड्यांत सांगा, त्यांना पटतं. तुमच्या संख्येला मी स्वतंत्र महागडं सॉफ्टवेअर घेणार नाही. रक्तपेढीचं सॉफ्टवेअर वाकवून घेण्याचाही मोह होईल, पण त्यात पिशवी ठरावीक दिवसांत संपते, अनेक वर्षं जपलेली पिशवी त्याला समजत नाही. पहिलं वर्ष कागदाचा एकच बॅच फॉर्म (एका कलेक्शनचं सगळं एकाच जागी), नऊ रजिस्टरांऐवजी, आणि त्यामागे नीट तपासलेला छोटा डेटाबेस. रुग्णालयाच्या मुख्य सिस्टिमला फक्त रुग्ण क्रमांकानं जोडा. महिन्याला आठ-दहा प्रत्यारोपणं व्हायला लागली की माझं उत्तर बदलेल.

नोंदी किती वर्षं ठेवायच्या असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं आहे, ते बघून कोणी फाइली रद्दीत काढू नका. तुमच्या टाकीतली पिशवीच त्याहून जुनी होईल. आम्ही पिशवी असेपर्यंत आणि ती वापरल्यानंतर आणखी १० वर्षं ठेवतो.

टाकीत आधीपासून असलेल्या पिशव्यांच्या नोंदी संगणकात चढवायच्या असतील तर रजिस्टर बघून चढवू नका. टाकी उघडून मोजा, मग रजिस्टरशी ताडा. हे काम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी करा, दोघांनी, ऑक्सिजन मीटर चालू ठेवून, एका वेळी एकच रॅक. आम्ही मोजल्या तेव्हा जागा चुकलेल्या पिशव्या निघाल्या, त्याची मला अपेक्षा होती. अपेक्षा नव्हती ती दोन पिशव्यांची, ज्यांचे रुग्ण केव्हाच वारले होते. वॉर्डाला माहीत होतं, हिशेब विभागाला माहीत होतं, लॅबला कोणी कळवलंच नव्हतं, आणि पिशवीचं पुढे काय करायचं याची संमती फॉर्ममध्ये कधी घेतलेलीच नव्हती. एका घरी मी स्वतः फोन केला. पलीकडून त्या माणसाच्या पत्नीनं विचारलं, "म्हणजे त्यांचं अजून काही तुमच्याकडे आहे?" तुमच्या नव्या फॉर्ममध्ये हा रकाना पहिल्याच दिवशी घाला, आणि संमती रुग्ण समोर असताना, कलेक्शनच्या आधी घ्या.